युरिया पहिल्याच तासात बाहेर पडतोय? पॉलिमर बदलायच्या आधी हे तपासून बघा

पॉलिमरमध्ये खत नाहीतर तणनाशक बसवून ते हळूहळू सोडायचं, ह्या कामाला हात घातलेल्या जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी हा अनुभव येतो. मणी छान गोल झालेत, वाळलेत, पाण्यात टाकले आणि महिनाभर पुरायला हवा तो माल तासाभरात बाहेर. मग सगळे काय करतात, तर अल्जिनेट (समुद्री शेवाळातून मिळणारं, कॅल्शियम मिळालं की जेल होणारं पॉलिमर) २ टक्क्यांचं ३ टक्के करतात, कॅल्शियम क्लोराइड वाढवतात, मणी बाथमध्ये, म्हणजे ते ज्यात घट्ट होतात त्या कॅल्शियमच्या द्रावणात, जास्त वेळ ठेवतात, तरी तेच. मग कायटोसानसारखं दुसरं पॉलिमर आणून बघतात, मग स्टार्च, मग पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल), आणि ह्या सगळ्यात महिनेच्या महिने जातात. मी ह्यातून गेलेय म्हणून कळकळीनं सांगते, पॉलिमर बदलायची घाई करू नका. तुमचं रसायन मुळात बसलंय कुठं ते आधी शोधा, मण्याच्या आत, मण्याच्या अंगावर, का बाथच्या पाण्यात. बहुतेक वेळा गोष्ट तिथंच उलगडते.

सुरुवात बाथपासून करा, कारण तिथं कुणी बघतच नाही. समजा तुम्ही १०० मिली अल्जिनेटच्या द्रावणात २० ग्रॅम युरिया विरघळवला आणि ते सुईतून थेंब थेंब ५०० मिली कॅल्शियम क्लोराइडमध्ये सोडलं, अर्धा तास ढवळत ठेवलं. युरिया पाण्यात प्रचंड विरघळतो, २० अंशाला लिटरभर पाण्यात किलोभर सहज जातो, आणि जेल म्हणजे तरी काय, नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच. त्यामुळं तो मण्यात आणि बाथमध्ये सारखा पसरून मोकळा होतो. एकूण ६०० मिलीत २० ग्रॅम पसरला तर १०० मिली मण्यांच्या वाट्याला राहिला साधारण साडेतीन ग्रॅमच्या आत-बाहेर, बाकी तुम्ही गाळून सिंकमध्ये ओतलात. वरून मणी दोनदा डिस्टिल्ड वॉटरनं धुतले असतील तर तेही उरले नाहीत.

आता ह्यात एक मोठी फसगत आहे. टक्केवारी काढताना खाली भागायला तुम्ही टाकलेले २० ग्रॅम धरलेत तर ग्राफ १५-१६ टक्क्यांवर जाऊन सपाट होतो आणि बघणाऱ्याला वाटतं वा, काय सुंदर कंट्रोल्ड रिलीज आहे, महिना झाला तरी १६ टक्केच सुटलाय. प्रत्यक्षात मण्यात होता तेवढा सगळा पहिल्या दहा मिनिटांत सुटलेला असतो आणि नंतर सुटायला काही शिल्लकच नसतं. अशा ग्राफवर आनंद मानलेली माणसं मी बघितलीत, आणि वाईट वाटतं, कारण पुढचं सगळं काम त्या एका चुकीच्या आकड्यावर उभं राहतं.

म्हणून प्रत्येक बॅचमधले थोडे मणी वजन करून बाजूला काढा आणि सोडियम सायट्रेटच्या द्रावणात टाका. सायट्रेट कॅल्शियम ओढून घेतं, जेल विरघळून जातं, आणि आत खरोखर किती माल आहे तो थेट मोजता येतो. कॅलिब्रेशनही सायट्रेटमध्येच करा, साध्या पाण्यातलं चालणार नाही. शिवाय बाथचं पाणी आणि धुतलेलं पाणी दोन्ही मोजा. तिन्हींची बेरीज टाकलेल्या मालाशी जुळली पाहिजे. जुळत नसेल तर रिलीजची टेस्ट लावूच नका, आधी हिशोब जुळवा.

बाथमध्ये जाणारा माल थांबवायचा सोपा उपाय म्हणजे बाथमध्येही तेवढ्याच तीव्रतेचा युरिया ठेवायचा, म्हणजे बाहेर ओढ राहत नाही. ह्यानं लोडिंग, म्हणजे मण्यात बसणारा माल, सुधारतं हे नक्की. पण लोडिंग सुधारलं म्हणून रिलीज हळू होईल असं समजू नका, ते दुखणं वेगळं आहे.

ते दुखणं असं की अल्जिनेटच्या जाळीची भोकं साधारण ५ नॅनोमीटर आणि त्याहून मोठी असतात, आणि युरियाचा रेणू अर्ध्या नॅनोमीटरच्याही आत. ह्या जाळीत एन्झाइम अडकेल, बॅक्टेरिया तर नक्कीच अडकतील, युरिया कसा अडकणार? मासेमारीच्या जाळ्यात मोहरी धरण्यासारखं आहे ते. हिशोबच करून बघा. पाण्यात २५ अंशाला युरियाचा डिफ्यूजन कोइफिशियंट, म्हणजे तो पाण्यात आपोआप पसरायचा वेग सांगणारा आकडा, साधारण १.४ गुणिले १० चा उणे ९ वा घात, चौरस मीटर प्रति सेकंद. २ मिमी व्यासाच्या मण्याची त्रिज्या १ मिमी, तिचा वर्ग भागिले हा आकडा, येतात ७०० सेकंदांच्या आसपास. गोल मण्यातून निम्मा माल बाहेर पडायला ह्याच्या तीन टक्के वेळ लागतो, म्हणजे वीसेक सेकंद, आणि ९९ टक्के माल जायला साधारण पाच मिनिटं. जेलमुळं थोडा उशीर धरा, वाळलेला मणी फुगायला लागणारा वेळ धरा, तरी तासाच्या आतला खेळ.

मणी मोठा करू म्हणाल तर वेळ त्रिज्येच्या वर्गानं वाढतो, १० मिमीचा गोटा केलात तर पंचवीस पट, म्हणजे पाच मिनिटांचे दोन तास झाले. आणि तुम्हाला हवेत ३० दिवस. पाच मिनिटांचे ३० दिवस करायचे तर डिफ्यूजन आठ-नऊ हजार पटीनं मंदावला पाहिजे. क्रॉसलिंकिंग, म्हणजे पॉलिमरच्या साखळ्यांमधले जोड, थोडं वाढवून जाळी थोडी आवळली जाते, हजारो पटीनं नाही आवळली जात. हा एक आकडा कागदावर मांडला असता तर माझे कितीतरी महिने वाचले असते, म्हणून तो इथं मुद्दाम सविस्तर लिहिला.

मग अल्जिनेट निरुपयोगी का? अजिबात नाही. रसायन कुठलं आहे त्यावर सगळं आहे. ॲट्राझिन हे तणनाशक पाण्यात लिटरला जेमतेम ३०-३५ मिलीग्रॅम विरघळतं. असा पदार्थ मण्यात बारीक कणांच्या रूपात बसतो, हळूहळू विरघळतो, आणि विरघळेल तेवढाच बाहेर येतो. त्यात बेंटोनाइट (एक चिकणमाती) नाहीतर ॲक्टिव्हेटेड कार्बन मिसळला तर विरघळलेला रेणू बाहेर जाता जाता मातीला, कार्बनला चिकटतो, सुटतो, परत चिकटतो, आणि वेग अजून उतरतो. इथं मंदपणा विद्राव्यतेतून आणि चिकटण्यातून येतोय, अल्जिनेटनं फक्त सगळं एका जागी धरून ठेवलंय. इमिडाक्लोप्रिडसारखं कीटकनाशक, लिटरला सहाशेएक मिलीग्रॅम विरघळणारं असेल तर मधली परिस्थिती, त्यात चिकटवणारा पदार्थ घालावाच लागतो. आणि युरिया ना कमी विद्राव्य, ना त्याच्यावर कुठला चार्ज, त्यामुळं चिकणमाती सुद्धा त्याला धड धरत नाही. अमोनियम नाहीतर पोटॅशियम असेल तर झिओलाइट, मॉन्टमोरिलोनाइट वगैरे खनिजं पकडतात, कारण ते धनभारित आयन आहेत. तेव्हा युरियासाठी ओल्या जेलचा नाद सोडा आणि कोरड्या दाण्यावर पाण्याला न जुमानणारा पातळ लेप द्यायच्या रस्त्याला लागा. माझं हे स्पष्ट मत आहे.

तिकडं जायच्या आधी वाळवण्याबद्दल, कारण कमी विद्राव्य औषध घेऊनही ज्यांना सुरुवातीचा मोठा झटका दिसतो त्यांचं कारण बऱ्याचदा ओव्हनमध्ये असतं. ओला मणी गरम हवेत ठेवला की पाणी बाहेरच्या बाजूनं उडतं, आतलं पाणी तिकडं सरकतं आणि येताना विरघळलेला माल घेऊन येतं. पाणी उडून जातं, माल अंगावर राहतो. साधं भिंग घ्या आणि वाळलेला मणी उजेडात फिरवून बघा. अंगावर मिठासारखी पांढरी चमक, कुठं कुठं सुयांसारखे बारीक स्फटिक, बोटानं चोळलं तर बोटाला पांढरं लागतं. हा माल कुठल्याच पॉलिमरच्या आत नाही, तो पाण्याला लागताक्षणी जाणार. हाच तुमचा पहिल्या तासाचा झटका. खात्री करायची तर मणी गाळणीत घेऊन मोजून दहा सेकंद पाण्यात बुडवा, काढा, आणि ते पाणी मोजा. दहा सेकंदांतच भरपूर निघालं तर समजा अंगावरचा आहे. हळू वाळवा, कमी तापमानाला, नाहीतर फ्रीझ ड्राय करा (गोठवून निर्वातात वाळवा), पण फ्रीझ ड्रायनं मणी स्पंजासारखा सच्छिद्र होतो आणि पाणी झटकन आत शिरतं, त्यामुळं तिथंही डोळे झाकून जाऊ नका. घाईनं वाळवलेल्या मण्याला तडेही जातात, तेही भिंगात दिसतात.

आता लेप दिलेले दाणे. इथं रिलीजची चाल वेगळी असते आणि ती समजली नाही तर बिघाड ओळखता येत नाही. चांगल्या लेपाच्या दाण्यात आधी काही दिवस काहीच होत नाही, पाण्याची वाफ लेपातून आत शिरत असते, आतला थोडा युरिया विरघळत असतो. मग एकसारख्या वेगाचा टप्पा येतो, आत घन युरिया शिल्लक आहे तोपर्यंत आतलं द्रावण संपृक्त राहतं म्हणून वेग जवळपास स्थिर. घन संपला की वेग उतरत जातो. ग्राफ काढला तर लांबट इंग्रजी एस सारखी वळणदार रेघ. तुमच्या ग्राफमध्ये सुरुवातीची ती थांबलेली पायरीच नसेल आणि पहिल्या दिवसापासून रेघ चढत असेल तर लेपात भोकं आहेत, मग पॉलिमर कितीही भारी असो.

आत पाणी शिरलं की दाब वाढतो. लेप तो दाब सोसू शकला तर माल पाझरून बाहेर येतो, नाही सोसला तर लेप फाटतो आणि त्या दाण्यातला सगळा माल एकदम बाहेर. गंधकाचा लेप असाच ठिसूळ, तडकून फुटतो, पॉलिओलेफिनसारखे (पॉलिथिनच्या जातीचे) लवचिक पॉलिमर ताणून घेतात. आता तुमचे सगळे दाणे थोडे थोडे गळतायत का काही दाणे फुटतायत आणि बाकीचे ठणठणीत आहेत, हे शंभर दाण्यांच्या एकत्र बाटलीतून कधीच कळणार नाही, कारण एकेक फुटणाऱ्या दाण्यांची सरासरी काढली की रेघ मस्त गुळगुळीत दिसते. ही टेस्ट मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलीय म्हणून सांगते. २४ खान्यांची प्लेट घ्या, एका खान्यात एकच दाणा, वर मोजून २ मिली पाणी, झाकण लावून २५ अंशाला ठेवा. दुसऱ्या दिवशी प्रत्येक खान्यातलं पाणी वेगळं मोजा, आणि दाणा चिमटीत धरून नखानं हलकेच दाबा. फुटलेला दाणा मऊ, पोकळ लागतो, आत पाणी असल्यासारखा दबतो. चांगला दाणा खड्यासारखा कडक.

आमच्या एका बॅचमध्ये २४ पैकी ५ दाणे पहिल्याच दिवशी रिकामे आणि बाकी १९ खान्यांत जवळपास शून्य. म्हणजे रेसिपी चांगली होती, बिघाड पाच दाण्यांत होता. ते पाच दाणे भिंगाखाली घेतले तर दोन जोडदाणे, म्हणजे ड्रममध्ये एकमेकांना चिकटून नंतर सुटलेले, चिकटल्या जागी लेपच नाही, वाटाण्याएवढी नाही पण टाचणीच्या डोक्याएवढी उघडी जागा. बाकी तिघांना कोपरे होते, आणि कोपऱ्यावर लेप सगळ्यात पातळ बसतो. पॉलिमर बदलून ह्यातलं काय सुधारलं असतं? आम्ही स्प्रेचा वेग उतरवला, हवेचा जोर थोडा वाढवला, दाणे आधी चाळून गोल आणि एका मापाचे घेतले, आणि तेवढ्यानंच पुढच्या बॅचचा पहिल्या दिवसाचा झटका गेला.

चाळण्याचं महत्त्व हिशोबातही दिसतं. ३ मिमीच्या युरियाच्या दाण्यावर वजनानं ५ टक्के लेप म्हणजे जाडी ३० मायक्रॉनच्या आसपास. तोच ५ टक्के लेप १ मिमीच्या बारीक दाण्यावर बसला तर १० मायक्रॉन, कारण तेवढ्याच वजनात पृष्ठभाग तिप्पट. म्हणून मिसळ मापाचा माल घेऊन "५ टक्के कोटिंग दिलंय" म्हणण्याला काही अर्थ नाही. आणि स्प्रे करताना तापमान फार जास्त असेल तर थेंब दाण्यावर पोचायच्या आधीच सुकतात, लेप पावडरीसारखा खरबरीत बसतो, कमी असेल तर दाणे ओले राहून चिकटतात. पाण्यातलं पॉलिमर डिस्पर्शन (पाण्यात तरंगणारे पॉलिमरचे बारीक कण) वापरत असाल तर अजून एक अडचण, पहिल्या थरातलं पाणी युरियाला विरघळवतं आणि युरिया लेपातच मिसळून बसतो, नंतर तिथंच भोक पडतं. त्यावर पहिला थर अगदी हळू स्प्रे करा, आणि शेवटी लेप नीट जुळून यायला गरम हवेत थोडा वेळ क्युअरिंग द्या, ते वगळू नका.

लॅबमध्ये चांगला निघालेला माल शेतात लवकर सुटला तर दोन गोष्टी बघा. एक म्हणजे लेपाला झालेली घासाघीस, उंचावरून पोत्यात पडताना, स्क्रू कन्व्हेयरमधून जाताना, दुसऱ्या खतांबरोबर मिसळताना आणि पेरणी यंत्रातून बाहेर पडताना. प्रत्येक टप्प्यानंतरचे दाणे घेऊन ती एकेका दाण्याची टेस्ट लावा, कुठल्या टप्प्यावर रिकामे दाणे वाढतात ते लगेच सापडतं. दुसरी गोष्ट तापमान. लेपातून सुटण्याचा वेग दर १० अंशांना साधारण दुप्पट होतो. २५ अंशाला ९० दिवसांचा माल ३५ अंशाच्या मातीत दीडेक महिन्यातच संपत येणार, त्यात बिघाड काही नाही. टेबलावर उघड्यावर टेस्ट ठेवत असाल आणि दिवसा खोली ३२ अंश, रात्री २० अंश होत असेल तर तुमचे दोन वेळचे ग्राफ एकमेकांशी जुळणारच नाहीत, वॉटर बाथ नाहीतर इन्क्युबेटर घ्याच.

टेस्टच चुकीची असण्याचे आणखी काही प्रकार भरभर सांगते. युरिया मोजायला कंडक्टिव्हिटी मीटर लावू नका, युरिया आयन बनवतच नाही, मीटरला तो दिसत नाही. जे वाढताना दिसतं ते मण्यात उरलेलं कॅल्शियम क्लोराइड असतं, आणि ते बघून रिलीज झाला म्हणणं चूक. डायमिथाइल अमिनो बेंझाल्डिहाइडचा पिवळा रंग आणून स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजा. टेस्ट बरेच दिवस चालली की बाटलीत जंतू वाढतात, युरियाचं अमोनिया होतं आणि आकडे खाली यायला लागतात, लोकांना वाटतं युरिया परत मण्यात गेला. पाण्याचा पीएच वाढलाय का बघा, वाढला असेल तर हेच झालंय. अल्जिनेटचे मणी फॉस्फेट बफरमध्ये टाकू नका, फॉस्फेट कॅल्शियम काढून घेतं आणि मणी विरघळून जातात, तो झटका तुमच्या मण्याचा नाही, बफरचा. नुसत्या मिठाच्या पाण्यातही सोडियम कॅल्शियमची जागा घेतं आणि मणी हळूहळू सैल पडतो, त्यामुळं खारवट पाण्याच्या जमिनीसाठी माल करत असाल तर हे मुद्दाम तपासा. कमी विद्राव्य औषध असेल तर उलटा घोळ होतो, पाणी कमी पडलं की ते संपृक्त होतं आणि रिलीज थांबल्यासारखा वाटतो. सगळा माल विरघळायला लागेल त्याच्या निदान तीन पट, जमलं तर दहा पट पाणी घ्या. आणि दर वेळी काढलेल्या सॅम्पलबरोबर जो माल गेला तो पुढच्या आकड्यात मिळवायला विसरू नका.

रिलीज कशामुळं होतोय ते ओळखायला, सुटलेला माल वेळेच्या घातांकात मांडणारं कॉर्समायर-पेपासचं समीकरण लावून घातांक काढायची सवय सगळ्यांना असते. ते पहिल्या ६० टक्क्यांपर्यंतच लावायचं असतं, गोल मण्यासाठी ०.४३ आला तर साधं डिफ्यूजन. पण तुमचा पहिला सॅम्पलच अर्ध्या तासाचा असेल आणि तोवर ७० टक्के माल गेलेला असेल तर लावायला उरलं काय? पहिल्या पाच मिनिटांत निदान तीन सॅम्पल घ्या, मग बोला.

मालाला कंट्रोल्ड रिलीज म्हणायचं का ह्यासाठी युरोपातली जुनी कसोटी हाताशी ठेवा. २५ अंशाला २४ तासांत १५ टक्क्यांहून जास्त सुटता कामा नये, २८ दिवसांत ७५ टक्क्यांहून जास्त नाही, आणि सांगितलेल्या मुदतीत निदान ७५ टक्के सुटलंच पाहिजे. ही तिसरी अट लोक विसरतात. लेप इतका जाड केला की मालच बाहेर येत नाही, तर तोही बिघाडच, पीक उपाशी राहतं.

शेवटचा मुद्दा, कारण आता ह्याबद्दल सारखं विचारलं जातं. पॉलिओलेफिनचे रिकामे पापुद्रे मातीत आणि पाण्यात तसेच राहतात, म्हणून लोक पीएलए, पीबीएस (हे दोन्ही कुजू शकणारे पॉलिएस्टर), स्टार्चचे लेप करायला लागलेत, आणि ते व्हायलाच हवं, युरोपियन युनियननं २०२३ मध्ये मायक्रोप्लास्टिकवर बंधनं आणताना खताच्या कोटिंगलाही मुदत घालून दिलीय. पण पॉलिएस्टरच्या लेपात एक नवीन बिघाड दिसतो, सुरुवात छान, थांबलेली पायरी व्यवस्थित, आणि दोन-तीन आठवड्यांनी रेघ अचानक उभी चढते. तिथं लेपाच्या जाडीशी खेळू नका, आधी दाण्याभोवतालचा पीएच मोजा. बाहेर आलेल्या युरियाचं मातीत अमोनिया होतं, दाण्याशेजारची माती अल्कली होते, आणि पॉलिएस्टरला जोडून ठेवणारे एस्टरचे बंध अल्कलीत लवकर तुटतात, म्हणजे तुमचाच युरिया तुमचा लेप खातोय. डिस्टिल्ड वॉटरच्या टेस्टमध्ये हे कधीच दिसणार नाही. त्यासाठी निम्मे दाणे ९ पीएचच्या पाण्यात आणि निम्मे साध्या पाण्यात एकाच वेळी लावा, आणि दोन आठवड्यांनी दोन्हीकडचे लेप धुऊन, वाळवून त्यांचं वजन करा.